पाय टेकतो तिथपर्यंत

पंचवटीत पूर मोजायला कुणी मीटरची पट्टी वापरत नाही. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घरोघरी एकच प्रश्न असतो: मारुतीच्या कुठपर्यंत आलं? पायाला लागलं, की घाटावरच्या टपऱ्या हलायला लागतात. कमरेपर्यंत आलं, की लोक छत्र्या घेऊन बघायला येतात. गळ्याशी आलं, की पलीकडे सराफ बाजारातली आणि भांडी बाजारातली दुकानं रिकामी व्हायला लागतात. डोक्यावरून गेलं, तर तो २०१६ किंवा २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर. बातम्यांमध्ये विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, आणि पंचवटीतला माणूस त्याचं मनातल्या मनात मारुतीत भाषांतर करतो.

मला ही पद्धत शहाणपणाची वाटते. पाणी किती आहे, एवढंच विचारून काही कळत नाही. कुणाच्या कुठपर्यंत, हे विचारावं लागतं.

गेल्या वर्षी अंदमानला स्कूबा डायव्हिंगसाठी जागा निवडायला बसलो, तेव्हा मला हाच प्रश्न सगळीकडे हरवलेला दिसला. ‘भारतातल्या दहा सर्वोत्तम डायव्ह साइट्स’ अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यात खोली असते, मासे असतात, निळेशार फोटो असतात. उतरणारा कोण आहे, हे मात्र नसतं. एकच जागा शंभर डायव्ह केलेल्याला सोपी असते आणि पहिल्यांदा तोंडात रेग्युलेटर धरणाऱ्याला अशक्य. आमच्या घरातून दोघं उतरणार होते. एक मी, अकरा डायव्ह झालेला, वय २८. दुसरी माझी आई, वय ५२, जी रामकुंडाच्या पहिल्या पायरीच्या पुढे कधी गेलेली नाही.

आईचं माहेरही पंचवटीतलंच. पंचवटीत गोदावरीला गंगाच म्हणतात. ‘गंगेवर जाऊन आलो’ म्हणजे घाटावर जाऊन आलो. आई १२ वर्षांची असताना तिचा मोठा भाऊ पुरात पुलावरून उडी मारायला गेला. पोरं तेव्हाही मारायची, आजही मारतात. बाकीचे खाली कुठेतरी काठाला लागले. मामा लागला नाही. तो १६ वर्षांचा होता. आमच्या घरात याबद्दल फार बोललं जात नाही. आई गंगेवर जायची, दिवे सोडायची, २०१५ च्या कुंभमेळ्यात पाहुण्यांना स्नानाला घेऊन गेली. स्वतः मात्र तांब्याने पाणी अंगावर घ्यायची आणि मागे फिरायची.

त्यामुळे अंदमानचा विषय मी काढला असला, तरी पाण्याखाली जायचा विषय तिने काढला याचं मला आश्चर्य वाटलं होतं. मी आदल्या वर्षी ओपन वॉटरचा कोर्स केला होता. पोहण्याच्या तलावातला भाग पुण्यात, समुद्रातला भाग कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी. तिथला माझा व्हिडिओ तिने तीन-चारदा बघितला. मग विचारलं, “खाली आवाज येतो का रे?”

“आपल्याच श्वासाचा येतो.”

“मला एकदा बघायचंय खाली कसं असतं ते.”

बाबांनी लगेच जाहीर करून टाकलं, की ते किनाऱ्यावर चपला सांभाळतील.

*

आधी प्रश्न होता अंदमानच का. मराठी माणसाला जवळचा समुद्र म्हणजे कोकण, आणि कोकणात स्कूबा म्हणजे मालवण-तारकर्ली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात हजारो लोकांनी आयुष्यातला पहिला आणि बहुधा शेवटचा डायव्ह केलेला असतो. हा सगळा भाग १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरातला. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबाचं रीतसर प्रशिक्षण देणारी संस्थाही आहे. स्वस्त, गाडीने जाता येण्यासारखं, भाषेचा प्रश्न नाही, जेवणाचा तर नाहीच.

अडचण आहे ती दिसण्याची. डायव्हिंगच्या भाषेत याला व्हिजिबिलिटी म्हणतात, पाण्यात आडवं किती मीटरपर्यंत दिसतं ते. पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्या घाटातून झपाट्याने समुद्रात उतरतात आणि पावसाळाभर गाळ आणून ओततात. तो बसायला वेळ लागतो, वारा सुटला की पुन्हा वर येतो. मालवणात तळ स्वच्छ दिसेल असे दिवस असतात, आणि समोरचा माणूस धुक्यात असल्यासारखा दिसेल असेही. मला त्याचं काही वाटलं नसतं. पण आईला गढूळ पाणी कसं असतं हे माहीत होतं. तिने आयुष्यभर तेच बघितलेलं. तिला खाली काय आहे ते दिसायला हवं होतं.

गोव्याच्या ग्रँड आयलंडचीही साधारण तीच गोष्ट. नेत्राणीचं पाणी बरंच नितळ, पण बेट किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत. तिथे बोटीतून थेट खोल पाण्यात उतरावं लागतं. पाय टेकायला जागा नाही. आणि विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथल्या प्रवाळांचे फोटो बघून कुणालाही वाटेल की महाराष्ट्राचा हा खजिना आधी बघावा. पण त्या पठाराचा माथाच समुद्राच्या पृष्ठभागापासून २० मीटर खाली आहे. म्हणजे आंग्रिया आपलं असूनही आपल्यातल्या बहुतेकांसाठी नाही.

अंदमानात स्वराज द्वीप आहे, २०१८ पर्यंतचं हॅवलॉक. जवळपास मोठी नदी नाही, पाणी २७-२८ अंशांच्या आसपास, नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र बहुतेक शांत. आणि मुख्य म्हणजे तिथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात जाऊन डायव्ह करता येईल अशी जागा आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

आईने नकाशा बघून विचारलं, “आपली गंगाही याच समुद्रात जाते ना?” जाते. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून जवळजवळ १४६५ किलोमीटर पूर्वेला चालत जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. अंदमान त्याच उपसागराच्या दुसऱ्या कडेला. तेवढ्यावर आईच्या बाजूने अंदमान पक्कं झालं.

*

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे निवड करायची म्हटली की हात आपोआप स्प्रेडशीटकडे जातो. या वेळी स्तंभ होते: जागा, खोली, प्रवाह, उतरायचं कसं, परत यायचं कसं. शेवटचा स्तंभ मी सहज टाकला होता. नंतर लक्षात आलं, बाकीचे सगळे त्याचेच तुकडे आहेत.

खोलीपासून सुरू करू. स्वराज द्वीपच्या आसपास सगळ्यात जास्त गाजलेली नावं म्हणजे डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार. ही नावं इंग्रज अधिकाऱ्यांची नाहीत. इथल्या कारेन समाजातल्या डायव्हरांची आहेत, ज्यांनी या जागा शोधल्या. १९२५ मध्ये इंग्रजांनी बर्मातून काही कारेन कुटुंबं मध्य अंदमानात आणून वसवली. जंगल आणि समुद्र दोन्ही वाचता येणारी ही माणसं. त्यांच्या नावाच्या खडकांवर जावं असं मला फार वाटत होतं. पण डिक्सन्सचे सुळके साधारण १८ मीटरवर सुरू होतात आणि ३० च्या पुढे उतरतात. माझं ओपन वॉटरचं कार्ड १८ मीटरवर संपतं. म्हणजे जिथे ती जागा सुरू होते, तिथे माझी हद्द संपते.

एका डायव्हिंग सेंटरला फोन केला, तेव्हा पलीकडचा माणूस हसला. “ग्यारह डाइव्ह हैं ना सर? बहुत है. कार्ड कौन देखता है.”

कार्ड कुणी बघत नसेलही. हवेचा हिशोब मात्र पाणी बघतं. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर तो वरच्या चौपट होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात चौपट हवा जाते. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची क्षमता साधारण ११ लिटर, भरलेला असतो २०० बारला. त्यातले ५० बार परतीसाठी राखून ठेवायचे. उरले १५० बार, म्हणजे १६५० लिटर हवा. माझ्यासारखा नवखा माणूस पाण्यावर मिनिटाला २० लिटर घेत असेल, तर ३० मीटरवर ८० लिटर घेईल. हवा पुरेल सुमारे २० मिनिटं, आणि त्यात उतरण्या-चढण्याचा वेळही आला. आठ मीटरवर तोच माणूस, तेच सिलिंडर, ४५ मिनिटं. घाबरला तर श्वास दुप्पट होतो आणि दोन्ही आकडे निम्मे होतात. आठ मीटरवर निम्मे झाले तरी २२ मिनिटं हातात राहतात. तीसवर राहतात दहा.

मी त्या माणसाला धन्यवाद म्हणून फोन ठेवला आणि यादीतून ते सेंटरही काढलं. जो माझ्यासाठी नियम वाकवतो, तो आईसाठीही वाकवणार.

उलट बाजूने, उथळ म्हणजे सोपं असाही अर्थ नाही. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जाताना हवेचं आकारमान निम्मं होतं. नंतरच्या २० मीटरमध्ये ते हळूहळू बदलतं. म्हणजे कानावर सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही मीटरमध्येच येतो. नाक दाबून हलकेच फुंकर मारत कानातला दाब सारखा करत राहावं लागतं, दुखायच्या आधी. हे आईला जमतं का, ते पाहणं पहिलं. तिने त्यासाठी तीन महिने काढले. महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावावर महिलांच्या बॅचमध्ये नाव घातलं. पहिला आठवडा नुसती कठडा धरून उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात तोंड पाण्यात घातलं. तिसऱ्या महिन्यात तिला पोहता येत नव्हतं, पण पाण्याखाली डोळे उघडून बाहेरच्या बायांचे पाय मोजता येत होते. रक्तदाब, साखर, कान, छाती हे सगळं आमच्या डॉक्टरांनी तपासून डायव्हिंगच्या छापील अर्जावर सही केली. पंचेचाळिशीनंतर त्या अर्जात जास्तीचे प्रश्न असतात, आणि ते मनापासून भरायचे असतात.

*

प्रवाहाचा स्तंभ आईने भरला. म्हणजे कालनिर्णयने.

पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात मोठा असतो. कोकणात त्याला उधाण म्हणतात. जास्त पाणी तेवढ्याच सहा तासांत आत-बाहेर करतं, म्हणून प्रवाह जोरात. अष्टमीच्या आसपास फरक कमी असतो, ते भांगाचं पाणी. डायव्हिंगचे लोक हेच इंग्रजी शब्दांत सांगतात आणि मोबाइलवर तक्ते दाखवतात. मी आईला समजावून सांगायला लागलो, तर तिने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं पान उलटून फेब्रुवारीतली अष्टमी दाखवली. “या दोन दिवसांत जायचं ना मग?” विमानाची तिकिटं आम्ही त्या अष्टमीभोवती काढली. आदल्या आठवड्यात ती स्वस्त होती. पण त्या आठवड्यात पौर्णिमा होती.

दिवस कमी होते. नाशिकहून अंदमानला गेलेला माणूस सेल्युलर जेल न बघता परत येऊ शकत नाही. भगूरच्या सावरकरांना १९११ ते १९२१ तिथे ठेवलं होतं, आणि आमच्या पिढीपर्यंत नाशिकच्या शाळेत अंदमान म्हणजे तेवढंच. शिवाय आईला शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचं नील बेट बघायचं होतं, कारण तिथल्या गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर आणि रामनगर अशी आहेत. पंचवटीतल्या बाईला आणखी काय हवं. मी म्हटलं, तिथे डायव्हिंगच्या आपल्याजोग्या जागा कमी. ती म्हणाली, “मला तिथे पाण्यात जायचंच नाहीये, नुसतं बसायचंय.”

तिच्या या हट्टाने वेळापत्रक सुटलं. डायव्ह केल्यानंतर लगेच विमानात बसता येत नाही. दाबाखाली श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो सावकाश बाहेर पडायला हवा. दाब एकदम कमी झाला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. एक डायव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक डायव्ह असतील तर किमान १८ तास थांबायचं, हा रूढ नियम. म्हणून क्रम असा लावला: आधी स्वराज द्वीपवर डायव्हिंगचे दोन दिवस, मग एक दिवस शहीद द्वीपवर नुसतं बसायचं, मग पोर्ट ब्लेअर, जे २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे, तिथे जेल, मग विमान. आईचा राम-लक्ष्मणांचा दिवस हाच आमचा नायट्रोजनचा दिवस झाला.

हा नियम विमानापुरता नाही, हे आपल्याकडच्या लोकांनी खास लक्षात ठेवावं. मार्गदर्शक सूचना २००० फुटांपासून, म्हणजे ६१० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू होतात. मालवणात सकाळी डायव्ह करून आंबोली घाट चढलात, तर काही तासांत तुम्ही ६९० मीटरच्या आसपास असता. नाशिक स्वतःच सुमारे ६०० मीटरवर आहे. पाच मीटरवर २० मिनिटं घालवलेल्या पर्यटकाला याचा फारसा धोका नसतो. पण कोर्स करून दिवसाला दोन-तीन डायव्ह करणाऱ्याने घाट दुसऱ्या दिवशी चढावा.

बोट हाही निवडीचाच भाग. २०२२ च्या मे महिन्याच्या शेवटी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. डायव्ह तेव्हा संपलेला होता. मे संपताना समुद्र फिरायला लागतो हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं, सुट्टी संपत आलेल्या पर्यटकाला नसतं. त्यामुळे मी फोनवर मासे कोणते दिसतात हे विचारायचं सोडून दिलं. लाइफ जॅकेट घालायला लावता की नुसती ठेवता, बोटीवर ऑक्सिजन असतो का, एका प्रशिक्षकामागे किती नवखे, आणि ऐन वेळी नको म्हटलं तर काय, एवढंच विचारत गेलो. शेवटच्या प्रश्नाला एका बाईंनी उत्तर दिलं, “तो फिर चाय पीजिए, कल देखेंगे.” त्यांच्याकडे नाव नोंदवलं.

*

जागा ठरली ती निमो रीफ. याद्यांमध्ये ती खालच्या नंबरावर असते. ‘नवख्यांसाठी’, ‘प्रॅक्टिससाठी’ असं लिहून लोक पुढे जातात. स्वराज द्वीपच्या किनाऱ्याला लागूनच आहे. बोट लागत नाही. वाळूतून चालत जायचं, पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. मग तिथेच उभं राहून मुखवटा, रेग्युलेटर, सराव. मग सावकाश उताराने आणखी आत.

बोटीवरून उतरताना एक क्षण असा असतो की त्याच्या आधी तुम्ही कोरडे असता आणि नंतर खोल पाण्यात. मधलं काही नसतं. पुलावरून मारलेल्या उडीतही नसतं. किनाऱ्यावरून जाताना मात्र प्रत्येक पावलाला मागे फिरता येतं, आणि ते फिरणं कुणाच्या लक्षातही येत नाही. मला आईसाठी अशीच जागा हवी होती. तिला धाडस सिद्ध करायचं नव्हतं. तिला बघायचं होतं.

प्रशिक्षक बंगाली मुलगा होता, माझ्याहून लहानच. स्वराज द्वीपवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, तिसरी पिढी आता डायव्हिंगमध्ये आहे. त्याने आईला ‘माँजी’ म्हणत खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक. हात पालथा हलवला म्हणजे काहीतरी गडबड. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर न्या’. आईने तीनदा वदवून घेतलं, की अंगठा वर केला तर नक्की वर नेणार.

आम्ही तिघं आत गेलो. प्रशिक्षकाने तिचा सिलिंडर मागून धरलेला, मी दोन हात बाजूला. पाणी डोक्यावरून गेलं. दोन मीटरवर आईने कानातला दाब सारखा केला, मला वर्तुळ दाखवलं. आणि पुढच्याच क्षणी अंगठा वर केला.

प्रशिक्षकाने काही विचारलं नाही. तो तिला सावकाश वर घेऊन आला. मी मागोमाग. आईने रेग्युलेटर काढला. मी विचारलं, “काय झालं? कान दुखला?”

“काही नाही. खरंच वर आणतात का ते बघितलं.”

प्रशिक्षकाला भाषांतर करून सांगितलं, तेव्हा तो खो-खो हसला. मला हसू आलं नाही. आमच्या कामात नवीन आवृत्ती लोकांसमोर नेण्याआधी मागची आवृत्ती परत आणता येते का, हे आधी तपासायचं असतं. सगळे तसं म्हणतात, फार थोडे तपासतात. माझ्या आईने दोन मीटर पाण्यात ते तपासलं होतं.

“चला आता,” ती म्हणाली.

या वेळी ती साडेतीन मीटरपर्यंत गेली. एका समुद्रफुलापाशी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आत-बाहेर करत होते, ज्यांच्यावरून त्या जागेला नाव पडलं आहे. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे नजर वळवली. ती मासे फार बघत नव्हती. ती वर बघत होती, पाण्याच्या आतल्या बाजूने, जिथे उजेड थरथरत असतो. मग खाली वाळूकडे. मग बराच वेळ पुन्हा वर. १९ मिनिटं ती खाली होती. शेवटी तिने अंगठा वर केला, या वेळी खरा.

किनाऱ्यावर चहा घेताना ती म्हणाली, “खाली शांत असतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “मला वाटायचं अंधार असेल.” बाबा काही बोलले नाहीत. चपलांची जोडी त्यांनी तिच्या पायाशी सरकवली.

निमो रीफ सुंदर आहे का? उथळ भागात मेलेल्या प्रवाळांचे तुकडे बरेच आहेत. समुद्राचं पाणी तापलं की प्रवाळ आपल्यातली रंगीत शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. उष्णता टिकली तर मरतात. अंदमानात २०१० मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ मध्ये पुन्हा झालं, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातली चौथी विरंजनाची लाट जाहीर केली. त्यात नवख्यांचे पंखे उथळ प्रवाळांवर आपटतात. म्हणूनही नवख्याने वाळूचा तळ असलेली जागा निवडावी, तिथे पाय आपटला तर फक्त वाळू उडते. आईने एक पांढरा तुकडा उचलला होता. प्रशिक्षकाने तो हळूच परत ठेवायला लावला. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मेलेला तुकडाही नेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोटीने लाइटहाउस नावाच्या जागेवर गेलो, १८ मीटरच्या आतच राहिलो आणि सिंहमाशांच्या मागे माझी सगळी हवा आनंदाने संपवली, ५० बार सोडून. त्या बोटीवरचे दोघं आदल्या दिवशी डिक्सन्सला जाऊन आले होते. त्यांचं वर्णन ऐकताना मला हेवा वाटला, तो अजून आहे. पुढचा कोर्स झाला, २०-२५ डायव्ह झाले, की मी जाईन. तो खडक तोवर कुठे जात नाही.

शहीद द्वीपवर सीतापूरच्या किनाऱ्यावर आई दोन तास बसून होती. नायट्रोजन बाहेर पडत होता. तिथे तिने पहिल्यांदा मला मामाबद्दल आपणहून सांगितलं. तो शिट्टी कशी वाजवायचा, तिच्या वेणीला काय बांधून ठेवायचा, असलं. पाण्याचा विषय त्यात नव्हता. मी मध्ये काही विचारलं नाही.

परत आल्यावर मी ती स्प्रेडशीट दोन-तीन मित्रांना पाठवली. एकाने विचारलं, “पण यातली बेस्ट साइट कोणती?” मी त्याला उलट विचारलं, बरोबर कोण येणार आहे? त्याला तो प्रश्न टाळल्यासारखा वाटला. मला तरी त्याहून चांगला सुचत नाही.

आई अजून सावरकर तलावावर जाते. आता पाच-सहा हात पोहते. परवा तिने डिसेंबरच्या पानावर अष्टमीभोवती पेनाने गोल काढला आणि म्हणाली, “मालवणला जाऊ. तिथे गढूळ असलं तर असू दे.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि घाट दुसऱ्या दिवशी चढायचा.”